बांधकाम ठेकेदारीत उतरताय? कुठलं रजिस्ट्रेशन काढायचं आणि कुठलं सोडून द्यायचं

परवा माझ्या मामेभावाचा पोरगा एक कागद घेऊन साइटवर आला. डिप्लोमा सिव्हिल झालाय, चार वर्षं एका बिल्डरकडं सुपरवायझर होता, आता स्वतःचं काम चालू करतोय. कागदावर कुणा एजंटनं तेरा रजिस्ट्रेशनची यादी लिहून दिलेली आणि खाली पॅकेज ६८ हजार. यादीत उद्यम होतं, आयएसओ होतं, रेरा होतं, आणि इम्पोर्ट एक्स्पोर्ट कोड पण होता. मी म्हटलं, "बाळा, पाचगावातनं कळंब्याला मुरूम नेणार हैस की दुबईला?" पोरगं हसलं, पण पाच हजार ॲडव्हान्स देऊन आलेलं होतं.

म्हणून हे लिहितोय. कोल्हापुरात आज जो तो गवंडीकामातनं, सेंट्रिंगमधनं नाहीतर सुपरवायझरकीतनं ठेकेदार होतोय, चांगलंच आहे, पण कागदाच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक म्हणजे काहीच न काढता पंधरा वर्षं रोखीत धंदा करणारे, आणि दुसरे पहिल्या दिवशी सगळं काढून मग वर्षभर रिटर्न भरायला विसरणारे. दुसरे जास्त मार खातात, हे माझं मत. कारण काढलेलं रजिस्ट्रेशन म्हणजे घरात आणलेली म्हैस, दूध दिलं नाही तरी वैरण घालावीच लागते.

यादी बघायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. येत्या वर्षात तुम्हाला पैसे कोण देणार आहे, म्हणजे घरमालक, बिल्डर, कंपनी का सरकार. मटेरियल कुणाचं, तुमचं का त्यांचं. आणि साइटवर एका वेळी माणसं किती. बस्स, एवढ्यावर नव्वद टक्के निर्णय होतो. "पुढं मागं लागेल" म्हणून काही काढू नका, लागेल तेव्हा बहुतेक गोष्टी आठ पंधरा दिवसात निघतात. एकच गोष्ट अशी आहे की जी आधी ठरवावी लागते आणि नंतर बदलली की रडायला येतं, ती म्हणजे धंदा कुणाच्या नावावर.

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथं मी स्वतः फसलोय. मी सुरुवातीला माझ्या स्वतःच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिपवर, सात वर्षं कामं केली. मग एका मित्राबरोबर पार्टनरशिप केली, नवीन फर्म, नवीन पॅन, नवीन जीएसटी नंबर. आम्हाला वाटलं दोघांचा अनुभव एकत्र येईल, मोठी कामं मिळतील. टेंडर भरायला गेलो तेव्हा कळलं की फर्मचा अनुभव शून्य. माझ्याकडं काम पूर्ण केल्याचे दाखले होते ते माझ्या नावावर, आणि टेंडर भरणारी फर्म होती, ती तर काल जन्मलेली. टर्नओव्हरचं तेच, सॉल्व्हन्सीचं, म्हणजे बँक देते त्या आर्थिक ऐपतीच्या दाखल्याचं, तेच. काही ठिकाणी पार्टनरचा अनुभव धरतात, काही ठिकाणी नाही धरत, टेंडरच्या अटीत काय लिहिलंय त्यावर. दोन वर्षं आम्ही छोटी कामं करत बसलो. तेव्हा ध्यानात ठेवा, अनुभव, टर्नओव्हर, ठेकेदाराचा वर्ग हे सगळं पॅनला चिकटतं. पॅन बदलला की बऱ्याच गोष्टी परत पहिल्या पायरीवरनं.

मग काय करायचं? एकटेच असाल आणि कर्जाची मोठी जोखीम नसेल तर प्रोप्रायटरशिपच बरी, स्वतःचा पॅन चालतो, वेगळं काही नोंदवावं लागत नाही. भावाभावात करणार असाल तर पार्टनरशिप डीड करून रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं नोंदवून घ्या, नोंदणी सक्तीची नाही हे खरं, पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या येण्यासाठी समोरच्यावर दावा लावता येत नाही, १९३२ च्या भागीदारी कायद्यातच तसं आहे, आणि ठेकेदारीत येणं अडकणं हे तर रोजचंच. प्रायव्हेट लिमिटेड हे दरवर्षी ऑडिट आणि आरओसीचे, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ कंपनीजचे, फॉर्म परवडत असतील तरच. लेटरहेडवर भारी दिसतं म्हणून कंपनी काढणारे मी बघितलेत, पुढं फॉर्म न भरल्याचा दंड भरताना पण बघितलेत.

नाव ठरलं की उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. हे फुकट आहे भावांनो, एक रुपया लागत नाही, सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन घालून स्वतःच्या मोबाइलवरनं होतं. १ जुलै २०२० पासून जुना उद्योग आधार जाऊन हे आलं. फक्त वेबसाइट नीट बघा, सरकारी सारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट गुगलला वर येतात आणि हजार दोन हजार घेतात. कामाचा कोड विचारतील तिथं इमारत बांधकामाचा ४१००१. आता उद्यमचा उपयोग काय, तर बँकेत कर्जाला, काही टेंडरमध्ये, आणि लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसाच्या आत द्यायचा कायदा आहे त्यासाठी. पण या शेवटच्यावर लई विसंबू नका, वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे मटेरियलसकट बांधकामाच्या ठेक्याला, तो कायदा लागू होत नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत. फुकट आहे म्हणून काढायचं, एवढंच.

शॉप ॲक्ट. ऑफिस असेल, भले घरातली पुढची खोली असेल, तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन करायचं. माणसं थोडी असतील तर पूर्ण नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची असते, त्याची पावती मिळते आणि बँकेला चालू खात्यासाठी ती चालते. या कायद्यात ऑफिसमधली माणसं मोजतात, साइटवरचे गवंडी बिगारी वेगळ्या कायद्यात येतात, पुढं सांगतो.

व्यवसाय कर. हा सगळे विसरतात. दोन नंबर असतात, एक स्वतःचा, पीटीईसी, वर्षाला २५०० रुपये, जूनअखेर भरायचा. दुसरा पीटीआरसी, तो पगारी माणसं ठेवली की त्यांच्या पगारातनं कापून भरायचा, पुरुषाचा पगार १० हजाराच्या वर असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, बाईचा २५ हजारापर्यंत माफ. रक्कम किरकोळ आहे पण टेंडरमध्ये याचं सर्टिफिकेट मागतात. मी एकदा एका कामात दर सगळ्यात कमी असून टेक्निकल लिफाफ्यातच बाद झालो, का, तर पीटीचं चलन जोडलं नव्हतं. अडीच हजारासाठी साडेअकरा लाखाचं काम गेलं. चूक माझीच, क्लार्कला शिव्या देऊन काय उपयोग.

आता जीएसटी, इथं जरा थांबा कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती याच्यावर फिरते.

बांधकामाचा ठेका, मटेरियलसकट, हा कायद्यानं सेवा धरतात. म्हणून ४० लाखाची मर्यादा तुम्हाला नाही, ती माल विकणाऱ्याला. तुमची २० लाख. वर्षाची उलाढाल २० लाखाच्या वर गेली की ३० दिवसात नोंदणीसाठी अर्ज करायचा. दर १८ टक्के. सरकारी कामाला पूर्वी बऱ्याच ठिकाणी १२ होता, तो १८ जुलै २०२२ पासून १८ झाला, अजून काही जण १२ धरून रेट काढतात आणि मग सहा टक्के खिशातनं जातात.

पण नुसत्या मजुरीवर काम करत असाल, म्हणजे सिमेंट, सळी, वाळू, विटा सगळं मालकाचं आणि तुम्ही फक्त माणसं लावून स्क्वेअर फुटाच्या रेटनं बांधून देता, आणि काम एका सुट्ट्या घराचं, बंगल्याचं असेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. फुलेवाडी, बोंद्रेनगर, पाचगाव इकडं आपली निम्मी माणसं हेच करतात. फक्त असलीच कामं करत असाल तर उलाढाल कितीही होवो, नोंदणीची सक्ती नाही. एजंट हे सांगत नाही.

आता खुबी बघा. तीच सेंट्रिंगची गँग, तीच मजुरी, पण काम अपार्टमेंटचं आणि पैसे देणारा बिल्डर, तर ती माफी नाही. आणि वर्षात एक जरी काम मटेरियलसकट घेतलं तर २० लाख मोजताना तुमची माफ असलेली मजुरी पण त्यात धरतात. म्हणजे समजा १४ लाखाची बंगल्याची मजुरी झाली आणि ८ लाखाचं एक दुकान मटेरियलसकट बांधून दिलं, झाले २२ लाख, नोंदणी लागली. कर ८ लाखातल्या नोंदणीनंतरच्या बिलावरच बसेल, मजुरी माफच राहील, पण नंबर काढावा लागेल. हा हिशोब मार्चमध्ये नाही, काम घेतानाच करा.

आधीच स्वतःहून काढायचा का? बिल्डरकडं किंवा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार या एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करायचं असेल तर काढाच, त्यांना बिलावर क्रेडिट, म्हणजे तुम्हाला दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं, बिननंबरच्या ठेकेदाराला ते गेटवरच थांबवतात. सरकारी काम असेल तरी काढाच. फक्त घरमालकांची कामं असतील तर उगाच काढू नका, घरमालकाला क्रेडिट मिळत नाही, त्याला तुमचा रेट १८ टक्क्यांनी महागच दिसणार. मध्यम मार्ग म्हणून लहान सेवावाल्यांना ५० लाखापर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन, म्हणजे ठोक कराची योजना, आहे, पण त्यात बिलावर वेगळा कर लावता येत नाही आणि समोरच्याला क्रेडिट जात नाही, म्हणजे बिल्डर कंपनी इथंही नाक मुरडणार. नोंदणीला सरकारी फी नाही. आणि एकदा नंबर आला की काम असो नसो रिटर्न भरायचं, निल असलं तरी उशिराला दिवसाला २० रुपये, एरवी ५०, आणि सलग सहा महिने भरलं नाही तर नंबर रद्द करायची नोटीस. मामेभावाच्या पोराला मी अजून काढू नको म्हटलं, कारण हातात दोन बंगले आहेत, दोन्ही मजुरीवर.

माणसांचं बघू. हे विषयानं रुक्ष आहे, पण स्लॅबवरनं माणूस पडला की पहिल्यांदा हेच कागद निघतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात, जुने कायदे त्यात गेलेत, त्यामुळं जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स घेऊन फिरणाऱ्या एजंटाला आधी हे विचारा.

आकडे लक्षात ठेवायचे ते असे. १० माणसं झाली की बांधकाम आस्थापनेची नोंदणी, कामगार आयुक्तांच्या ऑफिसकडं, काम चालू झाल्यापासून मुदतीत. दहाच माणसांवर ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, २१ हजारापर्यंत पगार असलेल्यांसाठी, मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. २० झाली की पीएफ. आणि ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार लावले तर ठेकेदाराचं लायसन. आपल्यातल्या बहुतेकांना पहिल्या दोनाच्या आसपासच राहायचं असतं, पण सरकारी टेंडर आणि मोठ्या कंपन्या माणसं वीस नसली तरी पीएफ कोड मागतात, तेव्हा तो स्वतःहून घेता येतो. घेतला की दर महिन्याला भरायचा, म्हणून काम हातात आल्याशिवाय घेऊ नका. टेंडर भरायच्या आधी अट वाचा, काही ठिकाणी वर्क ऑर्डरनंतर दिला तरी चालतो.

"माणसं माझी नाहीत, मुकादमाची आहेत" हे उत्तर चालत नाही बरं का. मुकादम विजापूर बागलकोटकडनं वीस जोड्या घेऊन आला आणि त्यांना पैसे तुम्ही मुकादमाच्या हातात दिले, तरी अपघात झाला की विचारणा तुमच्याकडं आणि मालकाकडंच येणार. निदान हजेरी वही, आधारच्या झेरॉक्स आणि कामगार भरपाईची विमा पॉलिसी एवढं तर ठेवाच. पॉलिसी ही नोंदणी नव्हे, पण मी माझ्या यादीत उद्यमच्या वर ठेवतो.

बांधकाम कामगार कल्याणाचा सेस वेगळा. बांधकाम खर्चाच्या १ टक्का. खाजगी कामात तो मालकानं नकाशा मंजुरीच्या वेळी भरायचा असतो, त्यामुळं रेट ठरवताना कुणी भरायचा ते करारात लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या बिलात मालक म्हणतो ते तुझ्यातनं कापलं. स्वतः राहायच्या छोट्या घराला सूट आहे, जुन्या कायद्यात १० लाखापर्यंतच्या खर्चाला होती, नव्या संहितेत ५० लाखापर्यंत केलीय. सरकारी कामात तुमच्याच बिलातनं १ टक्का कापतात, रेटमध्ये धरा.

या सेसच्या पैशातनंच बांधकाम कामगार मंडळाच्या योजना चालतात, पोरांची शिष्यवृत्ती वगैरे. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला त्यात नोंदवता येतं आणि ९० दिवसाचा दाखला बऱ्याचदा तुमच्याकडं मागायला येतात. तुमच्याकडं खरंच काम केलेल्या माणसाला लगेच द्या, त्याचा हक्क आहे. पण गल्लीतला कुणीतरी, ज्यानं आयुष्यात थापी धरली नाही, तो "भांड्यांचा सेट मिळतोय, दे की सही" म्हणत येतो, तिथं सही करू नका. तुमच्या सहीशिक्क्याचे दाखले उद्या तुमच्या हजेरीशी जुळवले तर तोंड लपवायला जागा राहायची नाही.

आता खरी ठेकेदाराची नोंदणी, म्हणजे ज्याला लोक "लायसन" म्हणतात. खाजगी घर, बंगला, दुकान बांधायला महाराष्ट्रात ठेकेदाराला असं कुठलं सरकारी लायसन लागत नाही. हे ऐकून लोक दचकतात. ते लागतं सरकारी कामाला.

सगळ्यात उपयोगी पीडब्ल्यूडीची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाची. तिथं वर्ग असतात, आणि प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येतं त्याची मर्यादा. खालचे वर्ग कार्यकारी अभियंत्याच्या पातळीवर होतात, वरचे अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता असे वर वर जातात. मर्यादा वेळोवेळी शासन निर्णयानं बदलतात, त्यामुळं चालू जीआर बघूनच वर्ग ठरवा. कागद साधारण लागतात ते पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे रिटर्न, केलेल्या कामांचे दाखले, बँकेचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, मशिनरीची यादी, तांत्रिक माणसाची नेमणूक, प्रतिज्ञापत्र. दाखल्यांवर जीव ठेवा. काम संपलं की त्याच आठवड्यात पूर्णत्वाचा दाखला घ्या, रक्कम, तारखा आणि कामाचा प्रकार लिहिलेला, कारण तीन वर्षांनी तो साहेब बदलून गेलेला असतो आणि नवा म्हणतो मला काय माहीत.

वर्ग जेवढा वर तेवढं चांगलं असं पण नाही. वरच्या वर्गात मोठी मशिनरी आणि मोठ्या भांडवलाच्या माणसांशी स्पर्धा. राधानगरी, गगनबावड्याकडं संरक्षक भिंत, अंगणवाडी, शाळेची खोली, गटर अशी कामं करायची असतील तर खालचा वर्ग घेऊन तिथं नाव करा. सॉल्व्हन्सीसाठी बँक तारण बघते, वडिलांच्या नावाची जमीन दाखवून मोठा वर्ग काढायचा आणि मग कामच न मिळणं हे मी घरातच बघितलंय.

डिग्री डिप्लोमावाल्यांसाठी वेगळी वाट आहे, सुशिक्षित बेरोजगार अभियंता, बोलीत सुबे अभियंता. ठरावीक रकमेच्या आतली सरकारी कामं वाटताना ३३ टक्के सुबे अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना असं सूत्र आहे. सुरुवात करणाऱ्या पोरासाठी याच्यासारखं काही नाही, अनुभवाची अट आड येत नाही आणि पहिले दाखले इथनंच तयार होतात. मामेभावाच्या पोराच्या तेरा कलमी यादीत नेमकं हेच नव्हतं! फक्त आपल्या नावावर काम घेऊन दुसऱ्याला टक्केवारीवर देणं करू नका. कामाची जबाबदारी कागदावर तुमचीच राहते, भिंत पडली की टक्केवारीवाला फोन उचलत नाही.

जिल्हा परिषद, म्हणजे आपल्या नागाळा पार्कातली, महापालिका, जलसंपदा, जीवन प्राधिकरण या सगळ्यांचे आपापले नियम. बऱ्याच ठिकाणी पीडब्ल्यूडीची नोंदणी चालते, काही ठिकाणी त्यांची वेगळी लागते. म्हणून आधी गेल्या सहा महिन्यांतली त्यांची चार टेंडरं महाटेंडर्सवर, म्हणजे सरकारच्या टेंडर पोर्टलवर, उघडून वाचा, पात्रतेच्या अटी कॉपी करून ठेवा, आणि मग ठरवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, याचे पैसे कुणाला देऊ नका. टेंडर भरायला क्लास थ्री डिजिटल सिग्नेचर लागते, ती नोंदणी झाल्यावर घ्या, आधी घेतली तर मुदत पडून पडून संपते. निपाणीला कुणी बोलावलं तर लक्षात असू दे, आपली पीडब्ल्यूडीची नोंदणी नदी ओलांडून चालत नाही, तिकडं कर्नाटकाची वेगळी.

सरकारी बिलाचं एक सांगतो, मग कळेल कुठला नंबर कशाला लागतो. बिलातनं इन्कम टॅक्सचा टीडीएस कापतात, प्रोप्रायटरला १ टक्का, फर्म कंपनीला २. अडीच लाखावरच्या कराराला जीएसटीचा टीडीएस २ टक्के. सेस १ टक्का. सुरक्षा अनामत. आणि मुरूम, खडी, वाळूच्या रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत तर ती पण ब्रासवर हिशोब करून कापतात. पहिला टीडीएस रिटर्न भरून परत मिळतो, दुसरा जीएसटीच्या कॅश लेजरला येतो, अनामत दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून द्यायची, मुदत संपल्यावर, सेस गेला तो गेला. रिटर्न न भरणाऱ्याचे पहिले दोन पण गेलेच समजा. आणि तुम्ही प्रोप्रायटर म्हणून स्वतः सब कॉन्ट्रॅक्टरला पैसे देता, तर गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असली की टॅन, म्हणजे टीडीएस भरायचा नंबर, काढून त्याचा टीडीएस तुम्हाला कापावा लागतो, त्याच्या आत असाल तर यासाठी टॅन नको.

आता न लागणाऱ्यांचं.

रेरा, म्हणजे घरविक्रीच्या प्रकल्पांची नोंदणी, ठेकेदाराला नाही. ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉट आणि आठाच्या वर फ्लॅट, असा विक्रीचा प्रकल्प असेल तर तो महारेरात नोंदवायचा, आणि नोंदवतो प्रमोटर. तुम्ही बिल्डरचं काम ठेक्यानं करता, तुमचा संबंध नाही. पण जमीनमालकाशी "तू जागा दे, मी बांधतो, दोन फ्लॅट तुझे बाकी मी विकतो" असं केलं की तुम्ही ठेकेदार राहिला नाही, प्रमोटर झाला. राजारामपुरी, शाहूपुरीत जुने वाडे पाडून हेच चाललंय. तिथं ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष फुकट दुरुस्त करायची जबाबदारी पण येते. अशा वेळी वकील आधी, जेसीबी नंतर.

नकाशावर सही करायचं लायसन हा वेगळा विषय. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आर्किटेक्ट, लायसन्स्ड इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर अशी तांत्रिक माणसं सांगितलीत, त्यांचं लायसन हद्दीत महापालिका बघते, बाहेरच्या ४२ गावात विकास प्राधिकरण. ठेकेदाराला हे सक्तीचं नाही, पण डिप्लोमा आणि थोडा अनुभव असेल तर सुपरवायझरचं लायसन मिळतं, आणि पोराला मी ते काढ म्हटलं कारण छोट्या कामाला दुसऱ्याच्या सहीमागं पळावं लागत नाही.

वायरिंग, प्लंबिंग, लिफ्ट, फायर याची लायसनं तुम्ही काढायची नाहीत, ज्यांच्याकडं आहेत त्यांना लावायचं. फक्त खरंच आहेत का ते बघा, विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची झेरॉक्स मुदतीसकट फाइलला लावा. ओळखीचा पोरगा स्वस्तात वायरिंग करतो, मग मीटर घेताना टेस्ट रिपोर्टवर सही करायला कुणी नसतं.

आयएसओ नको, कुठलं मोठं टेंडर मागेल तेव्हा बघू. इम्पोर्ट कोडचं तर बोलूच नका. बिल्डर्स असोसिएशन, क्रेडाई, इंजिनिअर असोसिएशन ही सदस्यत्वं आहेत, नोंदणी नव्हे. ओळखी होतात, नवीन नियमाची बातमी लवकर कळते, परवडलं तर व्हा सदस्य, पण त्यावर कायद्याचं काही अडत नाही.

तर पोराची शेवटची यादी झाली अशी: स्वतःच्या नावावर धंदा, चालू खातं, उद्यम, शॉप ॲक्टची सूचना, पीटीईसी, अपघाताची पॉलिसी. याच्या पाठोपाठ सुबे अभियंता आणि सुपरवायझर लायसनचे अर्ज. जीएसटी पहिलं सरकारी किंवा बिल्डरचं काम ठरलं की त्याच आठवड्यात. पीएफ, ईएसआयसी, पीडब्ल्यूडीचा वर्ग नंतर. सगळं मिळून एजंटाच्या पॅकेजच्या चौथ्या हिश्श्यात बसलं, त्यात पॉलिसी आलीच. ॲडव्हान्सचे पाच हजार काही परत आले नाहीत.

जाता जाता त्यानं बोर्डाचा मजकूर दाखवला, इंग्लिशमध्ये मोठ्या अक्षरात, खाली "आर्किटेक्ट, इंजिनिअर अँड कॉन्ट्रॅक्टर". म्हटलं आर्किटेक्ट खोड. १९७२ च्या कायद्यानं कौन्सिलकडं नोंदणी असल्याशिवाय तो शब्द नावापुढं लावता येत नाही. आणि वर मराठी घाल, इंग्लिशपेक्षा बारीक अक्षरात नको, शॉप ॲक्टमध्ये तसं आहे, २०२२ पासून लहान दुकानाला पण. तो म्हणाला, "काका, बोर्ड तर छापून झालाय."